प्यादं एक घर पुढं

एक कविता लिहिली आणि तिच्यातच अडकून बसलो. बाहेर पडायला वाट सापडेना, म्हणून हे गद्य.

कविता मीर सुलतान खानवर होती. बुद्धिबळातला माणूस. पंजाबातल्या सरगोध्याकडचा, आज तो मुलूख पाकिस्तानात आहे. विहाराच्या ओट्यावर वाचून दाखवली. पोरांनी टाळ्या पिटल्या. कवितेचा शेवट असा होता, की ज्या हातानं जगज्जेत्याला हरवलं त्याच हातात संध्याकाळी ताट, आणि तो साहेबांना वाढतोय. टाळ्या तिथंच पडल्या. आपल्यात येणारी एक मैत्रीण मात्र गप्प होती. नंतर म्हणाली, "हा नोकर होता हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, पुस्तकानं. तर म्हणते, "आणि पुस्तक कुणी लिहिलं?"

साला, हा प्रश्न आपला. आपण तो गावभर विचारत फिरतो. इतिहास कुणी लिहिला, पुराण कुणी लिहिलं, पाठ्यपुस्तक कुणी लिहिलं. त्या दिवशी तो माझ्यावरच उलटला आणि मला उत्तर देता आलं नाही.

आधी माणूस सांगतो. सर उमर हयात खान तिवाना नावाचा मोठा जमीनदार. इंग्रजांचा लाडका, 'सर' किताब मिळालेला, लंडनला भारतमंत्र्याच्या कौन्सिलात बसणारा. बुद्धिबळाचा शौकीन. त्यानं सुलतान खानला हेरलं, आपल्या आसऱ्याला ठेवलं, शिकवायला माणसं लावली. सुलतान खान बापाकडून देशी पद्धतीचा खेळ शिकलेला. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही दोन घरं उडी मारत नाही, एकच घर सरकतं. विलायती किल्लेकोट नाही. राजाला शह लागला नसेल तर एकदा घोड्यासारखी चाल मिळते. आणि प्यादं पलीकडं पोचलं तर ज्या ओळीत पोचलं त्या ओळीचंच मोहरं होतं. म्हंजे घोड्याच्या ओळीतलं प्यादं घोडा होणार, वजीर नाही. बढतीलासुद्धा जागा बघून जात! असो. ही कोटी मला फार आवडली होती, कवितेत घातलीही होती, पण अशा कोट्या स्वस्त असतात. प्यादं म्हंजे आपण, वजीर म्हंजे भट, राजा म्हंजे राजा. हे आता प्रत्येक कवी लिहितो. पटावर पांढरी प्यादी आणि काळी प्यादीच एकमेकांना मारतात, त्याचं काय करायचं ते कुणी लिहीत नाही.

तर 1928 साली तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. 1929 ला सर उमरबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं. पुन्हा 1932 ला आणि 1933 ला. हा माणूस विलायती नियम शिकून उणीपुरी चार-पाच वर्षं खेळला. सुरुवातीच्या चालींवर युरोपात कपाटंच्या कपाटं भरतील एवढी पुस्तकं होती, त्यातलं त्याच्या वाट्याला फार थोडं आलं. तरी 1931 ला प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून फ्लोरला हरवलं, रुबिनस्टाइनला हरवलं, त्या वेळचा जगज्जेता अलेखाइन याच्याशी बरोबरी केली.

आता तो डाव. हेस्टिंग्ज, 1930-31 चा हिवाळी सामना. समोर क्यूबाचा कॅपाब्लांका. 1921 ते 1927 जगज्जेता, आणि हरणं हा प्रकार ज्याला जवळजवळ ठाऊक नव्हता असा खेळाडू. सुलतान खानकडे पांढरी मोहरी. कॅपाब्लांकानं जो बचाव घेतला त्याचं नाव क्वीन्स इंडियन डिफेन्स.

नावावर थांबा जरा. 'इंडियन' का? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी म्हणून एक होता. कॉक्रन नावाच्या गोऱ्या बॅरिस्टराशी तो खेळायचा. देशी सवय, त्यामुळं प्यादं एकेक घर सरकवायचा आणि उंट कोपऱ्याकडून लांबवर नजर ठेवून बसवायचा. गोऱ्यांनी त्या धाटणीला पुढं 'इंडियन' म्हटलं. बॅनर्जी बामण होता हेही नोंदवून ठेवतो, म्हंजे उद्या कुणी त्याला आपल्यात ओढायला नको. तर एका हिंदुस्थानी माणसाच्या सवयीवरून नाव पडलेला बचाव क्यूबाचा माणूस इंग्लंडात बसून दुसऱ्या हिंदुस्थानी माणसाविरुद्ध खेळतोय. असला विनोद मला कधी सुचला नसता.

पाचव्या खेळीला सुलतान खाननं वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढं केलं. बस्स. कुणाला मारलं नाही, कुणावर रोख नाही. लढाई मधल्या घरांसाठी चाललेली आणि हा कडेचं प्यादं एक घर सरकवतो. ज्यानं नुसतं पाहिलं त्याला वाटेल, वेळ घालवला. पण काळ्याचा उंट तिरका येऊन पांढऱ्याच्या घोड्याला जखडून ठेवणार होता, त्याचं घर ह्या प्याद्यानं आधीच बंद केलं. पुढं तिसेक वर्षांनी पेट्रोशियन हा जगज्जेता हीच कल्पना खेळला, तिला पेट्रोशियन पद्धत म्हणतात. नंतर कास्पारोव्हनं 1980 च्या दशकात तिच्यावर कितीतरी डाव जिंकले. पुस्तकात नाव पेट्रोशियनचं. पेट्रोशियननं चोरी केली असं मी म्हणत नाही, तोही गरिबीतूनच आलेला. नावं कशी पडतात तेवढं बघायचं. जो शाळेत असतो त्याचं नाव पडतं.

पुढचा डाव मी दोन रात्री मांडून पाहिला, पाळी नव्हती त्या. कॅपाब्लांकानं दोन्ही हत्ती उंटाच्या मोकळ्या उभ्या ओळीत लावले आणि एकविसाव्या खेळीला पांढऱ्याच्या घरात घुसून शह दिला. देखणं होतं. दोन हत्ती देऊन पांढऱ्याचा वजीर घेतला. हिशेबानं बरोबरी. पण वजीर एकटा राहिला की त्याला मोकळी जागा लागते, आणि जागाच नव्हती. सगळी प्यादी एकमेकांत अडकलेली, दारं बंद. पस्तिसाव्या खेळीपासून एक्केचाळिसाव्यापर्यंत काळा वजीर दोनच घरांत येरझाऱ्या घालतोय. वर, खाली, वर, खाली. सात चाली. पटावरचं सगळ्यात बलवान मोहरं, आणि त्याला काम नाही.

आणि हा माणूस? घाई नाही. राजाला चालवत चालवत सुरक्षित कोपऱ्यात नेतो, हत्ती एकामागं एक लावतो, उंट मागं घेतो, पुन्हा पुढं आणतो. ते पाचव्या खेळीचं प्यादं चाळिसाव्या खेळीला आणखी एक घर सरकलं. साऱ्या डावात ते दोनदाच चाललं. आधी शेजारच्या प्याद्याला आधार दिला, मग ते शेजारचं पुढं गेलं. चौसष्टाव्या खेळीला पांढरा उंट आत घुसला तेव्हा त्याच्या पाठीला तेच प्यादं उभं. पासष्टाव्या खेळीला कॅपाब्लांकानं डाव सोडला.

त्या सामन्यात एव्वे पहिला आला, कॅपाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा. कॅपाब्लांकानं नंतर त्याला असामान्य प्रतिभेचा माणूस म्हटलं. हरलेल्यानं असं म्हणायला मोठेपणा लागतो, तो त्याला द्यायला हवा.

आता ताटाची गोष्ट. ती येते अमेरिकन खेळाडू रुबेन फाइन याच्या लेखणीतून. 1933 च्या फोकस्टन ऑलिम्पियाडनंतर अमेरिकन संघाला सर उमरच्या लंडनच्या घरी जेवायला बोलावलं होतं, आणि वाढायला सुलतान खान. ज्याच्याशी पटावर बरोबरीनं बसलो तो आपल्या खुर्चीमागं उभा, म्हणून यांना अवघडल्यासारखं झालं. तिथून ती गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरली. 'अडाणी नोकर, लिहिता-वाचता न येणारा, आणि बघा काय चमत्कार!' 2020 साली इंग्लंडात त्याचं चरित्र निघालं, त्याच्या नावातसुद्धा 'नोकर' हा शब्द आहे. त्यावर घरच्यांनी हरकत घेतली. नातीनं लिहिलं की आजोबा कुणाचे नोकर नव्हते, घराणं पिरांचं, जमीनजुमला असलेलं, आणि त्यांना वाचता येत होतं.

हे मला मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? लाज वाटते, तरी लिहितो. मला वाटलं, नात लपवते आहे. आपल्यातले नाही का, फ्लॅटमध्ये गेले की आडनाव बदलतात, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेतात? तसंच. म्हंजे एक बाई आपल्या आज्याबद्दल बोलतेय आणि मी, ज्यानं त्याला पाहिला नाही, त्याच्या गावाला गेलो नाही, तो म्हणतोय की ही खोटं बोलते. आपण सांगतो तेव्हा सवर्ण नेमकं हेच म्हणतात. 'असं नसेल हो, तुम्ही वाढवून सांगता.' पुरावा माझ्याकडं काय? एका गोऱ्याची आठवण, आणि माझी गरज.

गरज हा शब्द मुद्दाम वापरला. मला तो नोकर हवा होता. नोकर असला की कविता पेटते. जमीनदाराघरचा पीरजादा असला की ती विझते, टाळ्या पडत नाहीत. दोस्तहो, आपण वेदनेचं साहित्य म्हणतो. पण वेदना दुसऱ्याच्या अंगावर चिकटवून साहित्य करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आपल्या नावावर खोटी पापं चिकटवणाऱ्यांचा आपल्याला राग आहे. खोटं दुःख चिकटवणं त्यापेक्षा कमी का?

मैत्रीण म्हणाली तू उगाच ताणतोस. असेल. पण दुसरी बाजूही मला बोचते. घरच्यांनी उत्तर दिलं ते काय, तर घराणं मोठं होतं. जणू नोकर असता तर त्या पासष्ट खेळ्या हलक्या झाल्या असत्या. ताट वाढणाऱ्यानं कसली शरम धरायची? माझी आई लोकांची भांडी घासायची, ती मी कुठंही सांगतो. शरम असलीच तर त्याची, जो कॅपाब्लांकाला हरवणारा माणूस मागं उभा ठेवून जेवतो. गोऱ्याला चमत्कार वाटण्यासाठी तो नोकर पाहिजे, घरच्यांना मान राखण्यासाठी तो खानदानी पाहिजे, मला टाळ्यांसाठी तो दलित पाहिजे. तिघंही जन्माचा दाखला मागतोय. पटावर कुणी दाखला मागितला नव्हता.

मग मी नोकर होता की नव्हता हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि दुसरा धरला. पुढचा डाव कोण ठरवत होतं? इथं वाद नाही. तो सर उमरबरोबर विलायतेला गेला आणि 1933 च्या अखेरीला सर उमरबरोबर परत आला. ब्रिटिश अजिंक्यपद हातात, वय तिशीच्या आत-बाहेर, खेळ ऐन भरात, आणि युरोपातलं खेळणं तिथंच संपलं. 1935 ला इकडं व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला, त्यात फक्त एक डाव बरोबरीत सुटला, बाकी नऊ सुलतान खाननं जिंकले. त्यानंतर शेती. 1966 ला गेला. मुलांना त्यानं हा खेळ शिकवला नाही, आयुष्याचं काही उपयोगी करा म्हणाला, असं घरचेच सांगतात. पीरजादा असो की पोऱ्या, येणं-जाणं मालकाच्या मर्जीवर. वाढलेलं ताट दिसतं. हे दिसत नाही.

त्याच घरात फातिमा नावाची मुलगी होती. 1933 ला ती ब्रिटनची महिला अजिंक्यवीर झाली. तिचंही खेळणं तसंच संपलं. माझ्या कवितेत ती एका ओळीतही नव्हती. हेही मैत्रिणीनंच काढलं.

हे सगळं मी आज का उगाळतोय ते आता सांगतो. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं माझा कवितासंग्रह छापून द्यायची तयारी दाखवली आहे. कागद, छपाई, प्रकाशनाचा मांडव, सगळं. नाव लिहीत नाही. माणूस आपलाच, वाईटही नाही, जयंतीला राबतो. मागच्या पानावर त्याचा फोटो आणि प्रकाशनाला त्याचा साहेब येणार, एवढंच. सूतगिरणीच्या पगारात मी संग्रह काढायचा म्हटला तर टक्कल पडेल तोवर निघायचा नाही. सुलतान खानला सर उमर भेटला नसता तर हेस्टिंग्ज नाही, कॅपाब्लांका नाही, पाचवी खेळी नाही. कुठल्यातरी पारावर देशी नियमानं खेळत मेला असता. हे खोटं आहे का? खोटं नाही. म्हणून 'विकला गेला' असं ओरडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, पट कुठून आणायचा?

ओट्यावर एकजण म्हणाला, बाबासाहेब कुणापुढं वाकले नाहीत. वाकले नाहीत, खरं आहे. पण घेतलं नाही असं नाही. 1913 ला कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर बडोद्यात दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. 'मूकनायक' 1920 ला निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. राजांचेच पैसे. म्हंजे पैसा कुणाचा, एवढ्यावर माणूस मोजता येत नाही. 1917 ला बडोद्यात शिपाई लांबून फायली फेकायला लागले, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले, तेव्हा ते करार उराशी धरून बसले नाहीत. निघाले. पुढची चाल त्यांची होती.

आणि एक गंमत बघा. गंमत म्हणवत नाही, पण मला झोप येऊ दिली नाही तिनं. हेस्टिंग्जला हा डाव झाला त्या हिवाळ्यात बाबासाहेब लंडनमध्येच होते. पहिली गोलमेज परिषद, 12 नोव्हेंबर 1930 ते 19 जानेवारी 1931. बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन अस्पृश्यांच्या वतीनं बसलेले. इकडं नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झालेला. त्याच थंडीत, त्याच इंग्लंडात, एक माणूस साहेबाच्या पटावर साहेबाच्या नियमानं उत्तम खेळत होता. दुसरा माणूस साहेबाच्या टेबलाशी बसून म्हणत होता की नियम बदला, आमच्यासाठी पटावर घरं आखलेलीच नाहीत. त्यालाही तिथं इंग्रज सरकारनंच बोलावलं होतं. निमंत्रण दोघांचंही वरून आलेलं.

मी पहिल्याला कमी लेखत नाही. ज्याला वाटतं लेखावं, त्यानं तो डाव मांडून पाहावा, पासष्ट खेळ्या, घाई न करता. फरक मला एवढाच दिसतो की एकाचं खेळणं थांबवायला मालकाचं परतीचं तिकीट पुरलं, दुसऱ्याचं कशानंच थांबलं नाही. बडोदा सुटलं तरी नाही, गोलमेज संपली तरी नाही. यातलं किती माणसाच्या स्वभावाचं आणि किती त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या लोकांचं? सुलतान खानच्या मागं सर उमर होता. बाबासाहेबांच्या मागं महाडचे, नाशिकचे लोक होते. पाठीला प्यादं पाहिजेच. बिनआधाराचा उंट आत घुसला तर मरतो.

1950 साली जागतिक संघटनेनं पहिले ग्रँडमास्टर जाहीर केले. सुलतान खान तेव्हा जिवंत होता. यादीत नाव नव्हतं. 2024 साली मानद किताब दिला, मरून अठ्ठावन्न वर्षं झाल्यावर. आपल्याला हे नवीन नाही.

तर रविवारी मला त्या पुढाऱ्याकडं जायचं आहे. मी तीन गोष्टी सांगणार. मागच्या पानावर फोटो नाही. संग्रहात त्याच्या पक्षावर दोन कविता आहेत, त्या राहतील. आणि दुसरा संग्रह निघाला तर तो कुणाकडून काढायचा ते मी ठरवीन. तो हसेल, चहा मागवेल, 'बघू' म्हणेल. बघू म्हणाला तर काय करायचं हे अजून माझं ठरलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला अनुभव असेल त्यानं अंकाच्या पत्त्यावर कळवावं. मैत्रीण बरोबर येणार आहे.

कविता दुरुस्त करायला घेतली आहे. ताटाचं कडवं काढलं. फातिमा आली आहे, पण तिचं कडवं अजून जमत नाही.